आधी होडी, मग नारळ

उस्मानसाहेबांची आणि माझी पहिली भेट म्हसळ्याच्या कोर्टात झाली, आणि तीही समोरासमोर. ते वादीच्या बाजूने उभे होते, मी प्रतिवादीच्या. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहा, असे समितीने सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, त्यांच्यापुढे सर्वांत जास्त वेळा हरलेला वकील मीच. मला कशाला विचारता?" समितीचे म्हणणे पडले की, म्हणूनच. तेव्हा लिहितो. कोणाची स्तुती करायची मला सवय नाही, हे गावात सर्वांना ठाऊक आहे.

श्रीवर्धनच्या रस्त्यावर तेव्हा मोटारी नुकत्याच धावू लागल्या होत्या. बैल उधळला तर बैलवाल्याला धरावे, होडीवर होडी आदळली तर तांडेलाला विचारावे, एवढे लोकांना कळत असे. मोटार कलंडली तर मात्र लोक दैवाला बोल लावून घरी जात. वकील करायचा तो जमिनीच्या वाटणीसाठी. हाड मोडले म्हणून कोणी वकिलाकडे जातो काय, असा सर्वांचा समज होता. खरे सांगायचे तर माझाही.

अशा दिवसांत गोपाळशेठची उतारूंची मोटार घाटातल्या वळणावर कलंडली. बाकीचे खरचटण्यावर निभावले, पण सुकी मासळी घेऊन म्हसळ्याच्या बाजाराला निघालेल्या हिरूबाई कोळिणीचा पाय टपाखाली सापडला. हिरूबाई विधवा. डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव फिरावे तेव्हा घरातली चूल पेटायची. तो पायच मोडला.

गोपाळशेठ माणूस वाईट नव्हता. त्याने दुसऱ्याच दिवशी कोळीवाड्यात लुगडे आणि नारळ पाठवला. आपल्या किनाऱ्यावर एकाच्या होडीने दुसऱ्याचे नुकसान केले की चूक करणारा नारळ घेऊन जातो. समोरच्याने तो घेतला की तंटा मिटला. मग त्यावर पुन्हा बोलणे म्हणजे दर्याशी बेइमानी. हिरूबाईने अंथरुणावरून नारळ घेतला आणि कोळीवाड्याच्या दृष्टीने मोटारीचे प्रकरण संपले.

पायाचे मात्र संपले नव्हते. हाड वाकडे जुळू लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, बोटीने मुंबईला नेऊन पुन्हा बसवले तरच बाई चालेल, आणि तेही लवकर. नाहीतर जन्माची लंगडी. गोपाळशेठकडे शब्द टाकला तर उत्तर आले, नारळ घेतलाय ना? मग आता काय?

शेवटी हिरूबाईला डोलीत घालून तिच्या भावांनी उस्मानसाहेबांच्या पडवीत आणले. दाव्यासाठी नव्हे, नुसते विचारायला. ती म्हणाली, "नारल घेतलाय मी, वकीलभाय. आता कोनच्या तोंडाने भांडू?" उस्मानसाहेबांनी तिला विचारले, "फोडलात काय तो?" ती म्हणाली, "न्हाय. मन झाला न्हाय." "मग तसाच जपून ठेवा," एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी वकीलपत्र घेतले.

रमजानचा महिना होता. रोजा असताना हे गृहस्थ भर उन्हात घाट चढून ते वळण पाहून आले, तोंडात पाण्याचा थेंब नाही. अपघाताची जागा पाहिल्याशिवाय जो वकील तोंड उघडतो त्याला वकीलपत्र देऊ नये, असे ते आजही येणाऱ्या माणसाला सांगतात. मी गोपाळशेठचा वकील. मी ते वळण पाहिले नव्हते. मला त्याची गरज वाटली नाही, कारण माझ्या हातात नारळ होता. मोठ्या ऐटीत मी न्यायाधीशांपुढे मांडले की, तडजोड झालेली आहे, सारा कोळीवाडा साक्षीला आहे.

उस्मानसाहेब उठले. त्यांनी गोपाळशेठला मोटारीबद्दल एक अक्षरही विचारले नाही. शेठच्या घरचे पूर्वापार मालवाहू मचवे होते, त्यांचीच चौकशी सुरू केली.

"शेठ, तुमच्या मचव्याने एकदा एका कोळ्याची होडी फोडली होती. नारळ कोणी नेला?"

"आमच्या वडिलांनी."

"का?"

"चूक आमची होती म्हणून."

"होडीचे काय झाले?"

"आमच्या सुतारानं नीट करून दिली."

"नारळ आधी नेलात की होडी आधी नीट केलीत?"

मी उठून हरकत घेणार तोच गोपाळशेठ म्हणाला, "आधी होडी. होडी पाण्यात उतरल्यावर नारळ. तशीच रीत हाय."

उस्मानसाहेबांनी दाराशी डोलीत बसलेल्या हिरूबाईकडे नुसता हात केला. तिच्या मांडीवर तो नारळ होता, न फोडलेला. दर्यावर होडीची दुरुस्ती कोणी मागे ठेवतच नाही, म्हणून रीतीतला तो पहिला भाग कोणी कधी बोलून दाखवत नसे, आणि पायाच्या वेळी सगळा कोळीवाडा तो विसरला होता. मी काहीतरी बोलू लागलो. गोपाळशेठ मला म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही बसा आता." मी बसलो. त्याने न्यायाधीशांसमोर कबूल केले की, बाईच्या पायाचे सगळे माझ्याकडे. त्याच आठवड्यात हिरूबाई मुंबईच्या बोटीत चढली.

ती काठी टाकून चालू लागली तेव्हा गोपाळशेठ दुसरा नारळ घेऊन स्वतः कोळीवाड्यात गेला. तो तिने फोडला आणि सगळ्यांना वाटला. मलाही तुकडा आला. गोड होता, काय खोटे सांगू.

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो. लोक मित्र म्हणतात, मी शिष्य म्हणतो. मोटारीचा अपघात झाला की माणसे अजून प्रथम त्यांच्या पडवीत येतात. त्यांचे सांगणे ठरलेले: आधी जखमी माणूस डॉक्टरकडे न्या, मग माझ्याकडे या. कोणाला 'मिटले' असा शब्द देण्याआधी या, दिल्यावर नव्हे. आणि मोटार कलंडली तिथेच जो वकील तुमच्या खांद्यावर हात ठेवतो, त्याच्या हाताखालून हळूच निघा. एकदा मोटार बैलगाडीला नुसती घासली म्हणून एकजण तावातावाने दावा ठोकायला आला. उस्मानसाहेबांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "खरचटल्याला हळद पुरते हो, वकील लागत नाही." घरी आलेले पक्षकार असे परत पाठवणारा वकील मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यांच्या मनाचा मोठेपणा मी स्वतः अनुभवला आहे. एका कामात ते माझ्या विरुद्ध होते आणि ऐन सुनावणीला मी तापाने फणफणलो. तारीख मला मागायची होती. माझ्या वतीने ती त्यांनीच मागितली, आणि संध्याकाळी पेज घेऊन घरी आले. पुढे ते काम त्यांनी जिंकले, ते निराळे. त्यात त्यांनी मला तिळाएवढीही सूट दिली नाही, आणि द्यायलाही नको होती.

त्यांच्या साठीच्या समारंभाचे आमंत्रण द्यायला मी कोळीवाड्यात गेलो होतो. हिरूबाई दारात मासळी पसरत होती. केस पांढरे झाले आहेत, पाठ ताठ आहे. मी म्हटले, "तुमच्यासाठी मोटार पाठवतो." तिने मान हलवली. "मोटार कशाला? वकीलभायांच्या दारात मी एकदा डोलीतून गेलेली. आता चालतच जाईन."

ती चालत येणार आहे. ईश्वर, आणि उस्मानसाहेबांचा अल्ला, दोघांकडे माझे एकच मागणे: उस्मानसाहेबांना निरोगी शंभरी लाभो, त्यांची पडवी अशीच उघडी राहो, आणि हिरूबाई दारात पोचेल तेव्हा तिला सामोरे जायला ते स्वतःच्या पायांनी उठोत. या मागण्यावर मला त्यांच्याकडून हरकत अपेक्षित नाही. घेतलीच, तर या एका दाव्यात तरी मी हरणार नाही.