दोन किल्ल्यांचं कुलूप

गल्लीतल्या कुलूपवाल्याला सगळे तोफ म्हणायचे. शेजारच्या देशाचं काय करायला हवं, हे ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याकडे कुणाला किल्ली मिळत नसे. त्याचं धोरण सोपं होतं. सीमेवरच्या फाटकाला कायमचं कुलूप ठोका आणि त्या लोकांचं नाव टाका. बायको आतून विचारायची की, अहो, आपली लेक फाटकापलीकडे दिलीय, तिचं काय? "तिला आधी इकडे आणू, मग ठोकू," म्हणत तो कानस जरा जोरात चालवायचा.

फाटक तसंही सहा वर्षं बंदच होतं. चार वर्षांच्या नातीला त्याने फक्त फोटोत पाहिलं होतं, आणि तो फोटो तो गिऱ्हाइकांपासून लपवून ठेवायचा.

मग दोन्ही सरकारांना एका दिवसापुरती उपरती झाली. फाटक सकाळी उघडायचं, संध्याकाळी लावायचं. पण कुलूप पार गंजलेलं. त्याला दोन्ही बाजूंनी एकेक किल्ली, आणि त्या एकदम फिरवल्या तरच ते उघडणार. इकडून तोफेला बोलावणं आलं. पलीकडे त्यांचा कुलूपवाला होता, जाड चष्म्याचा म्हातारा. त्याच्यामागच्या गर्दीत लेक उभी होती, कडेवर नात.

इकडच्या साहेबांनी मोजलं, एक, दोन, तीन. कुलूप ढिम्म. दहा वेळा मोजून झालं. ते मुद्दाम करताहेत, असं इकडचे साहेब म्हणाले. तिकडचेही तेच म्हणाले आणि दोघे तणतणत राजधानीला फोन लावायला गेले. तोफेने लेकीकडे पाहिलं. आता पोर परत जाणार.

म्हातारा हळूच म्हणाला, "तुम्ही तीन म्हणताना फिरवता, की म्हणून झाल्यावर?"

"म्हणताना."

"आम्ही झाल्यावर."

"मग मोजायलाच नको. मी खोकतो."

तो खोकला आणि कुलूप उघडलं. नातीने या अनोळखी आजोबाला बघून भोकाड पसरलं. त्याला तेही गोड लागलं. दुपारपर्यंत ती त्याच्या खांद्यावर बसून त्याचे कान ओढत होती.

संध्याकाळी लेक-नात पलीकडे गेल्या आणि साहेब म्हणाले, लावा आता. तोफेने किल्ली घातली, खुडबुड केली, घाम पुसला.

"साहेब, लागत नाही. आतला खटका मोडलाय. नवं करायला वर्ष जाईल."

साहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी पलीकडच्याला विचारलं. म्हाताऱ्याने चष्मा पुसला आणि कुलपात बराच वेळ डोळा लावून पाहिलं.

"वर्षात कसलं होतंय," तो म्हणाला. "दोन तरी लागतील."