पोपट सांगळेचा उजवा पाय

पोपट सांगळे टिटवाळ्यात रिक्षा चालवायचा. स्टेशन ते गणपती मंदिर, शेअरची लाइन. लकवा मारला तेव्हा पॅसेंजर नुकतेच उतरलेले, ही गणपतीचीच कृपा, असं तो सांगायचा. उजवी बाजू गेली. हात लवकर शुद्धीवर आला, पाय मात्र भिजल्या पोत्यासारखा मागून घासत यायचा. आणि रिक्षाचा ब्रेक उजव्या पायाखाली.

कल्याणच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी देवयानी मॅडम म्हणालेली, "काका, सुरुवातीचे महिनेच पाय ऐकतो. तेवढ्यात शिकवून घ्या. नंतर बहिरा होतो."

तर पोपट शिकवत होता. खिडकीचा गज धरून पाय उचल, ठेव, उचल. पाठीशी बायको, मालन, उभीच. "उचला की अजून. बाजारात पोरगं हट्टाला पेटल्यागत फरफटतंय ते."

मुलगी संचिता ठाण्यात ॲनिमेशन शिकत होती. तिची टीम स्पर्धेसाठी फिल्म करत होती. शेतात टॉवर उभा राहतो, बेकार झालेलं बुजगावणं दुसरं शेत शोधत शीळफाट्यापर्यंत चालत जातं, अशी गोष्ट. कडब्याचा रंग, फाटका सदरा, मडक्याचं डोकं, सगळं झकास. पण चालायला लागलं की बुजगावणं फुग्यासारखं तरंगायचं. सर म्हणाले, याला वजनच नाही. मग लंगडी घालून बघितली, दारुड्याची चाल बघितली. सगळं खोटं.

एका रविवारी टीमचा म्होरक्या विनीत आणि रसिका घरी आले. पोहे खाता खाता विनीतचा चमचा थांबला. बाथरूममधून पोपट भिंत धरून येत होता. आधी कंबर वर, मग अख्खा पाय बाहेरून गोल फिरून पुढे, अंगठा फरशीवर खरवडत.

"काका, परत एकदा जाल का?"

"झालं माझं, बाबा."

"तसं नाही. नुसतं चालत."

पोपट चालला. मग इमारतीच्या पॅसेजमध्ये फरशीवर पांढऱ्या टेपच्या खुणा पडल्या, एक मोबाइल समोर, एक बाजूला. पोरं ते शूटिंग कॉम्प्युटरवर थांबवत थांबवत बघायची आणि बुजगावण्याचा सांगाडा तसातसा वाकवायची. चौथ्या दिवशी संचिताने घरी दाखवलं. बुजगावणं चाललं, आणि जमीन त्याच्या पायाखाली खरी झाली.

"माझंच की हे," पोपट म्हणाला. लकवा मारल्यापासून त्याच्याकडे लोक बघून मान फिरवायचे. इथं पोरं टक लावून बघत होती. त्याने शेजारच्यांनाही बोलावून दाखवलं.

महिन्याभराने पोरं परत आली. आता बुजगावणं जिना चढतं, रस्ता ओलांडतं, ते शूट करायचं होतं. पोपट ऐटीत जिना चढला. अंगठा पायरीला लागला नाही.

विनीतने मोबाइल खाली केला. "काका सुधारले यार."

"अर्धी फिल्म एका पायाची, अर्धी दुसऱ्या पायाची," रसिका म्हणाली. "मॅच कसं होणार?"

"थांबा, मी पहिल्यासारखा चालतो," म्हणत पोपटने पाय घासला, तोंडही वाकडं केलं.

"ॲक्टिंग नको, काका. लगेच कळतं."

रात्री संचिता बापाजवळ बसली. नखं खात होती. "पप्पा, सबमिशनपर्यंत व्यायाम नाही केला तर चालेल? थोडेच दिवस. मग डबल करा."

मालन भाकरी थापायची थांबली. "संचे, बापाचा पाय हाय तो. भाड्यानं आणलेला न्हाई."

"तू गप गं," पोपट म्हणाला. "पोरीच्या सगळ्या वर्गाला माझी चाल आवडली. दुसऱ्याच्या बापाची आवडली का?"

त्याने गज सोडला. दवाखान्यात जायचंही टाळलं. देवयानीचा फोन आला की म्हणायचा, "चाललंय मॅडम, जोरात." थोड्या दिवसांचे बरेच झाले, कारण स्पर्धेची तारीख पुढं गेली आणि विनीतला एक शॉट वाढवावासा वाटला. पाय पुन्हा घासू लागला. पोरं खूश. "क्या बात है काका, एकदम पहिल्यासारखं," विनीत म्हणाला, आणि पोपटने मान लववली.

फिल्मला पहिलं बक्षीस मिळालं. ठाण्याच्या हॉलमध्ये परीक्षक म्हणाले, एवढ्या लहान वयात दुसऱ्याच्या वेदनेकडे इतकं बारकाईने बघणं दुर्मीळ आहे. टाळ्या वाजल्या. विनीत नम्रपणे खाली बघत होता. संचिताही टाळ्या वाजवत होती. पोपट घरी होता. जिने उतरून एवढ्या लांब न्यायचं कोणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने डबल व्यायाम सुरू केला. पाय उचल म्हटलं की कंबरच उचलायची. देवयानीने तपासलं, गुडघ्यावर हातोडी मारली आणि विचारलं, "मधे काय केलंत?"

"पोरीचं काम होतं जरा."

दिवाळीआधी तो हट्टाने रिक्षात बसला. इतके महिने रिक्षा पुतण्या सहदेव चालवत होता. इमारतीच्या आवारातच एक चक्कर, एवढंच ठरलेलं. हाताने गाडी झकास पळवली. गेटपाशी ब्रेक मारायला पाय निघाला. आधी कंबर वर आली, मग पाय बाहेरून गोल फिरला, आणि तो ब्रेकवर पोचायच्या आत रिक्षा गेटच्या खांबावर धडकली. काच फुटली. कोणाला लागलं नाही.

सहदेवने वाकून चावी काढून घेतली. ओरडला नाही. "काका, मागं बसा."

पोपट खाली उतरला. मागच्या सीटवर टेकला. मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.