हात बरा आहे

माझ्या बाबांचा उजवा हात पुरात गेला. गेला म्हणजे तुटून पडला नाही. तो खांद्याला होता, पण कामाचा उरला नव्हता. आणि खांद्याला होता म्हणूनच तो झाकता येत होता. हात पुरताच तुटला असता तर पुढची आमची फजिती टळली असती, असं मला पुष्कळदा वाटतं. मग असं वाटल्याचीही लाज वाटते.

आम्ही वैनगंगेकाठचे ढिवर, मासोळ्या धरणारे आणि नावा चालवणारे. जिल्हा चांदा, मागे जंगल आणि पुढे नदी. घाटावर एक सरकारी नाव होती. पावसाळ्यात ती चालवायला बाबांना ठेवत. नदीला पाणी असेल तेवढे दिवस सरकार त्यांना ओळखायचं, पाणी उतरलं की ओळख संपली. त्या काळात याचं कोणाला नवल वाटत नसे. आम्हालाही नाही.

त्या पुरात पलीकडच्या गावाला पाण्यानं वेढलं. तहसिलीतून निरोप आला की माणसं बाहेर काढा. बाबा आणि आमच्या गावचे पटवारी नाव घेऊन गेले. खेपा करून करून बहुतेक गाव उंचावर आणलं. शेवटच्या खेपेत जंगलातून वाहत आलेलं सागाचं भलं मोठं लाकूड नावेवर आदळलं. नावेची कड आणि लाकूड यांच्यात बाबांचा हात आणि पटवाऱ्यांचा पाय चेंगरला. बसलेली माणसं सगळी वाचली. पटवारी कायमचे लंगडे झाले, त्यांना सरकारनं पेन्शन देऊन घरी बसवलं. बाबांना काही मिळालं नाही, कारण ते हंगामी. एकाच लाकडानं दोघांना मारलं. कायम कोण आणि हंगामी कोण हे त्या मेल्या लाकडाला कुठे ठाऊक होतं!

आमचा घोर वेगळाच होता. हात निकामी झाल्याचं वर कळलं तर पुढच्या पावसाळ्यात नावेवर दुसरा माणूस येईल, आणि मग खायचं काय? म्हणून बाबांनी एक वाक्य पाठ केलं. कोणीही विचारो, ते म्हणत, "हात बरा आहे." खांद्यावरून दुपट्टा असा सोडत की हात दिसू नये.

मग नाव कोण चालवी? माय चालवी.

आमच्यात बाईनं नावेच्या बांबूला हात लावायचा नाही. जाळं विणावं, मासोळ्या विकाव्या, पण बांबू पुरुषाचा. बाईचा हात लागला तर नदी कोपते म्हणत. म्हणून माय टोपली घेऊन नावेत बसे, पलीकडे मासोळ्या विकायला निघाल्यासारखी. काठावरून बाबा डाव्या हातानं नाव ढकलत आणि आत चढत. नाव धारेला लागली की माय पदर खोचून उठे आणि बांबू घेई. त्या वेळी नावेतली सगळी माणसं तोंड फिरवत. कोणी तंबाखू मळायला घेई, कोणी वरच्या अंगाला बोट दाखवून पाऊस कुठी पडून राह्यला ते सांगे. असं करा म्हणून कोणी ठरवलं नव्हतं. काठ जवळ आला की बांबू पुन्हा बाबांच्या हाती. नदी काही कोपली नाही. मायची कंबर मात्र कोपली. रात्री ती कुशीवर वळताना दात आवळायची आणि सकाळी पुन्हा टोपली उचलायची.

मी तेव्हा लग्नाची झाले होते. मला त्या हाताची फार लाज वाटे. पंगतीत डाव्या हातानं जेवावं लागेल म्हणून बाबा कोणाच्या घरी जेवायला बसत नसत, पोट ठीक नाही म्हणत. लोकांना ठाऊक होतं आणि लोक म्हणत, बरं बरं, पोटाले जपा भाऊ. मी मान खाली घालून वाढत राही. बाप वाईट वागला तर पोरीनं लाजावं. माझा बाप तर गाव वाचवताना लुळा झाला होता, तरी मी लाजत होते. हे आज लिहितानाही मला उमगत नाही.

माझी सोयरीक जुळली ती पलीकडच्या त्याच गावात. मुलाचे वडील त्या शेवटच्या खेपेत नावेत होते. सुपारी फुटली त्या दिवशी त्यांनी बाबांना विचारलं, "इवाई, हात कसा आहे आता?"

"हात बरा आहे," बाबा म्हणाले.

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. बाबांना धास्ती होती की बाप लुळा आहे कळलं तर उद्या सासू-सासरे जावयाच्या गळ्यात पडतील असं त्या लोकांना वाटेल, आणि सोयरीक मोडेल. त्यांचा बाजार त्यांच्याच काठाला होता, आमच्या घाटावर ते क्वचित येत. तेव्हा हात पुढे बरा झालाच नाही हे त्यांना माहीत नाही, अशी बाबांची खात्री होती.

नवं राज्य झालं त्याच सुमाराला कधीतरी, एका संध्याकाळी पटवारी काठी टेकत आमच्या अंगणात आले. पेन्शनीत गेले तरी सगळे त्यांना पटवारी साहेबच म्हणत. माझ्या बापासमोर बसताना ते नेहमी अवघडून बसत, जणू आमच्या घरची एखादी वस्तू त्यांच्याकडे राहून गेली होती. त्या दिवशी मात्र ते खुशीत होते.

"नवा हुकूम आला भाऊ. पुरात, वणव्यात सरकारी कामावर जायबंदी झाला तर आता हंगामी माणसालेही पेन्शनीसारखं लागू होते. अगोदर झालं त्याचंही घेऊन राह्यले. मी तुमच्यासाठी लिहून देल्लं. माझा पाय सरकारचा, आन् तुमचा हात काऊन कोणाचाच नाई?"

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. माय चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "मंग मले नावेत जा लागणार नाई?"

"नाई बाई. साहेब येतील, गावाले विचारतील, हात पाहतील. मंग चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टर पाहतील. बस."

माय पुन्हा फुंकणी घेऊन बसली. पण चूल चांगली पेटलेली होती, तिला फुंकायचं काही कारण नव्हतं.

बाबांनी पटवाऱ्यांना एकच गळ घातली. साहेब कशाला येणार ते गावात कोणाला सांगू नका. गावात बोललं की पलीकडे जाईल, पोरीचं लग्न होऊन जाऊ द्या. पटवारी म्हणाले, ठीक आहे. आता विचार केला की वाटतं, आमचं वाटोळं तिथंच झालं.

कारण आमच्या गावाला साहेबांची एकच जात माहीत होती. नावेची चौकशी करायला येणारा साहेब नावाड्याला काढायला येतो. तसा साहेब आला की गाव एका तोंडाचं होई. एरवी बांधावरून एकमेकांची डोकी फोडणारी माणसं साहेबापुढे सख्खे भाऊ होत.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत साहेब आले. छकड्यातून उतरले तेव्हा चिखलानं गुडघ्यापर्यंत भरले होते आणि वैतागले होते. घाटावरच्या चिंचेखाली त्यांना बाज टाकून दिली. गाव गोळा झालं. बाबा दुपट्टा घेऊन उभे होते. पटवारी काठीवर भार देऊन साहेबांच्या बाजूला. मी आणि माय बायांमध्ये. आणि नेमके पलीकडून माझे होणारे सासरे आले. आमच्या गावचा एक जण कामाहून परतत होता, त्याच्या डोंग्यातून ते आले आणि गर्दीच्या कडेला उभे राहिले. आजच यांना कुठून सुचलं, असं मी मनात म्हटलं.

साहेबांनी गावाला विचारलं, "या नावाड्याचा हात कसा आहे?"

माझी खात्री आहे, त्यांनी कशासाठी विचारतो ते सांगितलं असतं तर अर्ध्या गावानं रडून दाखवलं असतं. पण त्यांनी फक्त विचारलं.

"एकदम मस्त साहेब!" आमचा शेजारी म्हणाला. "एका हातानं नाव ओढते."

"त्याच्यासारखा नावाडी साऱ्या जिल्ह्यात नाई."

"हाताले काय झालं? काईच नाई झालं!"

पटवारी पुढे झाले. "अरे, खरं सांगा ना! त्याच्याच भल्याची गोष्ट आहे."

तेव्हा गर्दीतला एक जण बोलला, "पटवारी साहेब, तुमची पेन्शन झाली. गरिबाच्या पोटावर काऊन पाय देता?"

पटवाऱ्यांचा चेहरा काळवंडला. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा बोलले असते तर एका वाक्यात सगळं सरळ झालं असतं. ते खाली बघत होते.

तेवढ्यात माझ्या शेजारून माय बोलली. "साहेब, नाव तं मी..."

बाबांनी मान वर केली. "तू गप," ते म्हणाले. मोठ्यानं नाही, पण असं म्हणाले की बायांनी मायला दोन्ही दंडांना धरून मागे ओढलं. बाईनं बांबू धरला हे चारचौघांत, परगावच्या इवायासमोर बाहेर आलं असतं. माय गप झाली. आणि मला हायसं वाटलं. होय, हायसंच वाटलं. मायची कंबर, रात्रीचं ते दात आवळणं, सगळं मला माहीत होतं, तरी वाटलं.

साहेब कंटाळले होते. "अरे, तूच सांग ना मग. नाही तर बांबू उचलून दाखव, म्हणजे झालं."

बाबांनी एकदा इवायाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ते उतरून नावेत गेले. दुपट्टा त्यांनी गळ्याशी घट्ट गुंडाळला. डाव्या हातानं बांबू उचलला, काखेत दाबला आणि छातीनं रेटा दिला. नाव निघाली. त्या पाण्यात एका हाताच्या माणसानं ते कसं केलं, देव जाणे. चार-सहा रेटे देऊन त्यांनी नाव वळवली आणि परत काठाला लावली. गावानं आरोळी ठोकली. पोरंसोरं नाचली. साहेबसुद्धा हसले आणि म्हणाले, "एवढ्यासाठी मला चिखलातून आणलं?"

बाबा उतरले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. लोक त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. आपण भाऊला वाचवलं याचा त्यांना केवढा आनंद झाला होता! मी त्यांना दोष देऊ शकत नाही. मीसुद्धा त्या घटकेला ताठ मानेनं उभी होते. सासऱ्यांनी पाहिलं ना, माझा बाप कसा आहे ते, असं माझ्या मनात होतं.

निकाल यायचा तसा आला. हाताला काही नाही. पटवाऱ्यांनी पुन्हा लिहिलं, तेव्हा उत्तर आलं की चौकशी झालेली आहे. गावाला मागाहून खरं कारण कळलं. आमचा शेजारी कितीतरी दिवस आमच्या अंगणावरून जायचा टाळत होता.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सासर चांगलं मिळालं, खोटं का बोलू. पहिल्या पावसाळ्यात एकदा सासरे ओसरीवर दोरखंड वळत बसले होते. मी पाण्याचा तांब्या ठेवून वळले तेव्हा त्यांनी हाक मारली.

"सूनबाई, तुह्या बाबाचं मंग काईच नाई झालं का सरकारातून?"

मी पदर सारखा करून म्हणाले, "नाई मामाजी. हात बरा आहे म्हणून लिहिलं साहेबांनी."

त्यांनी दोरीचा पीळ हातात तसाच धरून ठेवला. "त्याचा हात माह्या मांडीवर ठेवून आणला होता मी काठापावतर. त्याले शुद्ध नव्हती तवा. हाडाचा भुगा झाला होता. तो कायचा बरा होते? मले तं ठाऊकच होतं, म्हणून पटवाऱ्यानं मले साक्ष द्याले बोलावलं होतं त्या दिवशी. त्याच्यासाठीच आलो होतो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग बोलले काऊन नाई तुम्ही?"

सासऱ्यांना अशी उलटून विचारणारी सून त्या काळी चालत नसे. पण ते रागावले नाहीत. "बोलणारच होतो. पण तो नावेत उतरला, आन् तू तिथी उभी होती. अशी पाहून राह्यली होती त्याच्याकडे... पोरीसमोर बापाले लुला कसा म्हणू?"

मी आत गेले आणि कितीतरी वेळ कणगीला टेकून उभी राहिले. ज्याच्यापासून हात लपवायचा, तो माणूस तो हात मांडीवर घेऊन बसला होता. आणि मी मान ताठ करून उभी होते म्हणून तो गप्प राहिला होता.

नागपंचमीला माहेरी आले तेव्हा बाबा घरी नव्हते. माय ओट्यावर मासोळ्या साफ करत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "त्याले माहीत होतं तं."

"हो."

"तुह्या बाबाले सांगजो नोको."

मला रडायला आलं. मी म्हणाले, "माय, तुले राग नाई येत का? बाबाचा, माहा, कोणाचाच?"

ती काहीतरी सांगणार होती असं वाटलं. पण घाटावरून बाबांनी हाक मारली. पलीकडे जाणारी माणसं येऊन बसली होती. मायनं हात धुतले, कंबर धरून उठली आणि टोपली घेऊन गेली.