दोरमामांचा हिसका

दोरमामांना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. शिवडीच्या धक्क्याला लागलेल्या आमच्या होडीवर त्यांच्या येरझाऱ्या सुरूच. चहासुद्धा उभ्यानेच. "मामा, टेका की जरा!" म्हटलं की म्हणायचे, "खाली माणूस असताना बूड टेकवतं कसं रे, झिला?"

मूळचे ते गिरणीत, सूत कातायच्या साच्यावर. संपात काम गेलं आणि पाणबुड्यांच्या एका ठेकेदाराकडे लागले. धक्क्याचे खांब तपासायला खाली उतरलेल्या पाणबुड्याची दोरी धरायची. दर दोन मिनिटांनी एक हिसका द्यायचा, म्हणजे 'ठीक ना?' खालून हिसका आला की ठीक. पुढे त्याच दोरीला बांधून त्यांचा मुलगा विलास खाली जाऊ लागला. मग तर मामांचे पाय ठरेनातच.

अशात मी आलो, माझं यंत्र घेऊन. सुटकेसएवढं, पुढे कॅमेरा नि दिवे, मागे पंखे आणि लांबलचक केबल. ते पाण्यात सोडायचं आणि वर पडद्यावर बघत चालवायचं. केबल मामांच्या हातात. आणि हा बाबा दर दोन मिनिटांनी तिलाही हिसका द्यायचा! चित्र गदगदा हलायचं.

"मामा, खाली मशीन आहे हो, माणूस नाही!"

"मला ठाऊक आहे. हाताला कोण सांगणार?"

शेवटी मीच हरलो. हिसका आला की पंखे फिरवून केबल एकदा खाली ओढायचो. मामांचा चेहरा असा खुलायचा, काय सांगू!

एकदा यंत्र खांबाला गुरफटलेल्या फाटक्या जाळ्यात अडकलं. पडदा काळा. ठेकेदार घायकुतीला आला, "विलासला उतरवा!" भरतीला जोर होता, पाणी नुसता चिखल. विलास पट्टे आवळू लागला. मामा आडवे उभे राहिले. "ह्या मशीनच्या डब्यासाठी माझा पोरगा जाणार नाही. काढा मला कामावरून."

मी काळ्या पडद्याकडेच बघत राहिलो. त्याची लाज अजून वाटते.

मामांनी केबल चिमटीत धरली. जरा ढील, जरा ताण, तुटू पाहणारा धागा सांभाळावा तशी. तासाभराने यंत्र चिंध्यांसकट वर आलं. ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी मामांना खरंच काढलं.

नवा माणूस केबल धरून फळीवर मांडी घालून बसला. चित्र अगदी स्थिर. दोन मिनिटं झाली, चार झाली. मला काही सुधरेना. पंखे फिरवून मीच केबल एकदा ओढली.

"काय झालं, साहेब?"

"काही नाही," म्हटलं आणि उठून उभा राहिलो.