जंतूचा गलेफ

माझ्या भावाला, अण्णाला, जनवाड्याहून बैलगाडीत घालून बीदरच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा त्याला धड श्वासही घेता येत नव्हता. अंगात फणफणता ताप, थुंकी विटेच्या रंगाची. मी माहेरपणाला आलेली, म्हणून आईबरोबर, आमच्या अव्वाबरोबर, मीही गेले. न्यूमोनियावर गुणकारी गोळ्या अजून निघायच्या होत्या.

माझा स्वभाव चौकशीखोर. थुंकीत एवढं काय बघता, असं डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी मलाच सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. काचेवर थुंकीत शाईचा थेंब कालवला होता. त्या काळोखात बारीक मणी जोडीजोडीनं बसलेले, आणि प्रत्येक जोडीभोवती स्वच्छ पांढरं कडं. शाईसारखी शाई, पण त्या कड्यात शिरायला धजत नव्हती. माझा डोळा भिंगावरून हलेना. माझ्या भावाचा जीव घेऊ बघणारी वस्तू इतकी देखणी असावी, याचा मला रागही आला.

"इसपे गलेफ है," डॉक्टर म्हणाले. रक्तातल्या पेशी जंतूला गिळायला धावतात, पण हे आवरण इतकं बुळबुळीत की तो निसटतो. ते नसतं तर फुफ्फुसात त्याचा निभाव लागला नसता.

अव्वाचा चेहरा उतरला. आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं, पण अडीनडीला वेशीबाहेरच्या दर्ग्यात पिराच्या कबरीवर गलेफ, म्हणजे चादर, चढवायचा, हा घरचा रिवाज. आदल्याच दिवशी तिनं हिरवा गलेफ चढवला होता.

"म्या चढवलेला ह्यालाच पोचला की काय गं?"

मला हसू आलं आणि रडूही. डॉक्टरांना सांगितलं, तर ते हसले नाहीत.

"अम्मा, ये अपना गलेफ आपीच बुनता."

मग त्यांनी समजावलं. अण्णाचं रक्त आता तो गलेफ ओळखायला शिकतंय. एकदा शिकलं की जंतू पकडीत येईल आणि ताप झपकन उतरेल. तोवर जीव तगला पाहिजे.

अण्णा शाळेची पायरीही न चढलेला. अव्वा त्याच्या उशाशी बसली आणि तिनं एकच धोशा लावला, "शीक की रे, लेकरा."

एका दुपारी त्याला दरदरून घाम फुटला. त्यानं डोळे उघडले.

"वाकळ काढ की गं अव्वा, उकडायलंय."

अव्वानं भिजलेली वाकळ ओढून काढली, त्याच्या गार कपाळावर हात ठेवला आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "शिकलं गं माझं लेकरू."