पाठीवरचा पट्टा

मी पनवेलला जनावरांचा डॉक्टर आहे, आणि स्वभावाने संशयी. कुत्रा जेवत नाही म्हटलं, की मी आधी घरातल्या माणसांकडे बघतो.

करंजाड्याच्या एका जमीनमालकाने फार्महाऊसवर वॉलबी पाळली होती. कांगारूच्याच कुळातली, पण अंगाने लहान. नोंदणीच्या कागदावर 'लालमानी वॉलबी, मादी' असं होतं आणि दरवर्षी तपासणीचा दाखला मी द्यायचो. दुसऱ्या वर्षी गेलो, तर ती उन्हात पाठमोरी बसलेली. डोक्यापासून खाली कमरेपर्यंत गडद पट्टा, मांडीच्या वर पांढरा फराटा. मान दोन्ही जातींची तांबूसच, तिथेच भलेभले फसतात. पण लालमानीच्या पाठीवर पट्टा नसतो. ही काळ्या पट्ट्याची वॉलबी होती.

माझ्याच आदल्या वर्षीच्या दाखल्यात 'पाठ एकरंगी' असं स्वच्छ लिहिलेलं. म्हणजे जनावर बदललेलं!

मालकाला विचारलं, तर तो राखणदार बाईवर घसरला. "आमी महिन्यातून एकदा येतो, डाक्टर. जुनी मेली असंल, हिनंच दलालाला धरून दुसरी आनली. आजच खोली खाली करायला लावतो."

बाई डोंगराकडच्या वाडीतली. नवरा वीटभट्टीवर, दोन लेकरं त्याच खोलीत. तरी मला तिची दया आली नाही. गरीब आहे म्हणजे केलंच असेल, असं मनात आलं. त्याची आज लाज वाटते.

"खरं सांग, जुनी कुठे गेली?" मी दरडावलं.

ती गवत कापायची थांबली नाही. "तीच हाय. गेल्या साली तुमी गाडीतनं उतरलाच नाय. पाऊस होता. कागद मागितला, त्यातलं नाव मोबाईलात बघून लिवलं, नि गेलात."

खरंच पाऊस होता, चिखल होता आणि माझे बूट नवे होते.

गप्प बसलो असतो तर बाई संध्याकाळच्या आत रस्त्यावर आली असती. मालकाकडे गेलो आणि म्हणालो, "जनावर तेच आहे. नोंदणीत जात पहिल्यापासूनच चुकलेली. दाखला खोटा आहे. मी न बघताच लिहिला."

मालक हसला. "हिच्यासाठी कशाला खोटं बोलता, डाक्टर?"

त्याला पटेना. शेवटी तेच सगळं कागदावर लिहून खाली सही करून दिली, तेव्हा त्याचं हसू थांबलं. बाई खोलीत राहिली. माझ्याशी मात्र ती अजून बोलत नाही.