माहेरच्या बाईला बाहेर बसवताना

मंगल मैलूरला राहते आणि सरकारी दवाखान्यात पोरापोरींची समुपदेशक आहे. शाळेने पाठवलेल्या पोरांना दारूबद्दल विचारायचं, कोण नुसतं चाखून बघतंय आणि कोण अडकलंय ते ओळखायचं, हे तिचं काम. आधी दोस्तांचं विचारायचं, मग पोराचं स्वतःचं. आणि विचारताना आईबाप खोलीत नकोत. हा शेवटचा नियम म्हणजे सगळ्या कामाचा जीव. आईसमोर पोरगं खरं बोलेल? देवाची शपथ घातली तरी नाही.

एवढं पक्कं ठाऊक असून मंगल चुकली, ती माहेरामुळे. दहावीतला विलास पहिल्याच तासाला बाकावर डोकं टेकून झोपतो, म्हणून शाळेने त्याला तिच्याकडे धाडलं. सोबत त्याची आई नागूबाई आली. मंगलच्याच माहेरची, एकाच गल्लीतली. आता हिला बाहेर बस असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आमच्याकडे नणंद रुसली तर चालतं, माहेरचं माणूस रुसून चालत नाही. नागूबाई खुर्चीत ऐसपैस बसली. मंगलने विचारलं, विलासने आईकडे पाहिलं आणि तो पीत नाही म्हणाला. मंगलनेही ते खरं मानून घेतलं.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. महिनाभरातच विलास कोळारच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडला. कपाळ फुटलं आणि तोंडाला दारूचा वास होता. ते कळल्यावर मंगलला घास गोड लागेना. पोराचा जीव गेला असता तर तो आपल्या भिडेपायी गेला असता, हेच तिच्या मनात घोळत राहिलं.

टाके काढायला मायलेक सकाळीच आले, तेव्हा तिने मन घट्ट केलं.

"अक्का, तू जरा भाईर बस."

"कामून? मी परकी झाले व्हय गं तुला?" नागूबाईचं तोंड एवढंसं झालं.

"माहेरची हाईस म्हणूनच म्हणायलेय. बस जरा."

नागूबाई धुसफुसत गेली. मंगलने दार लावलं, आधी दोस्तांचं विचारलं, मग विलासचं स्वतःचं. पोरगं बोलायला लागलं.

"मावशी, त्या दिशी कसं सांगू? घरात आईच देती मला. भाईर पिऊन कुठं मरून पडण्यापरीस माझ्या नजरेपुढं पी, म्हणती. रोज सांजच्याला एक गिलास. त्यानं भागत न्हाई, मग मी भाईर बी जातो." त्याने दोन्ही हात पुढे केले. "सकाळी हे असं होतंय. पेन धरता येईना. मला भ्या वाटायलंय."

बोटं थरथरत होती. सोळा वर्षांच्या पोराचे हात ते! मंगलला भडभडून आलं.

"आईला सांगू?"

"तुम्हीच सांगा. मला न्हाई जमायचं."

पोराचे हात असे झालेत हे ऐकून नागूबाई कोसळेल, अशी मंगलला धास्ती होती. म्हणून तिला आत बोलावल्यावर मंगलने फक्त विलासचा हात तिच्या हातात दिला.

"अक्का, बघ, कसा थरथरायलाय."

नागूबाईने तो हात मायेने दाबून धरला. तिला काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"ते व्हय? ते रोजचंच हाय गं. सकाळी घोटभर दिली की थांबतंय. आज तुझ्याकडं यायचं, वास यील, म्हणून मीच दिली न्हाई."